वारा, ओहोटी आणि रबरी होडी

हवा भरलेली रबरी होडी सहसा बुडत नाही; म्हणूनच तिच्याविषयी फाजील विश्वास निर्माण होतो. तळ उथळ आणि वजन हलके असल्याने ती वल्ह्यापेक्षा वाऱ्याचेच अधिक ऐकते. कोकण किनाऱ्यावर हिवाळ्यात सकाळी जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहतो. किनाऱ्यालगतचे पाणी तेव्हा शांत दिसते आणि नवखा नेमका तेथेच फसतो. खाडीच्या मुखाशी ओहोटीची ओढ या वाऱ्याला मिळाली, की दोन वल्ह्यांचे बळ अपुरे पडते.

कोळ्यांच्या घरात हे ज्ञान पिढीजात आहे; सहलीस आलेल्या विद्यार्थ्याला ते कोणी सांगावयाचे? जीवरक्षक जाकीट अंगात असावे, किनारा जवळ ठेवावा, जाताना वाऱ्याच्या विरुद्ध वल्हवावे म्हणजे परतताना तो साथ देतो, आणि पावसाळ्यात होडी पाण्यात घालूच नये, एवढे नियम पुष्कळ आहेत. परंतु ‘पाण्यात उतरणे धोक्याचे’ असा गंजका फलक यातले काहीच शिकवीत नाही. भरती-ओहोटीच्या वेळा व वाऱ्याची दिशा पुळणीवर रोज लिहिली जावी. एक फळा आणि खडू, एवढा खर्च कोणत्याही ग्रामपंचायतीस परवडण्यासारखा आहे.