पंपघराचें दार व त्याच्या बिजागऱ्या

वसईच्या पश्चिम पट्टींतील विहिरींवर रहाट होते, तोंवर चोरानें नेण्याजोगें तेथें कांहीं नव्हतें. लाकडाचें चाक व मातीच्या लोट्यांची माळ. बैल तर रात्रीं घरच्या गोठ्यांत. रहाट गेले, विजेचे पंप आले, आणि वस्तीपासून दूर, वाडीच्या एका कोपऱ्यांत, तांब्याच्या तारेचा ऐवज आपण चार फळ्यांच्या दाराआड ठेवूं लागलों. दार मात्र अजून रहाटाच्या काळांतलेंच आहे.

दार करितांना आपण सारा पैसा कुलुपावर घालतों. माझ्या मतें तो चुकीच्या बाजूस पडतो. पंपघर लहान, त्यांत पंप, स्टार्टर व नळ यांनीं जागा भरलेली. म्हणून दार बाहेर उघडावें लागतें, व अशा दाराच्या बिजागऱ्यांचे सांधेही बाहेरच राहतात. मग चोर कुलुपाला हात कशाला लावील? बिजागरीची दांडी ठोकून काढली, किंवा चार स्क्रू पिळून काढले, कीं दार कुलुपासकट बाजूला होतें. दोन वर्षांपूर्वीं ऐन एप्रिलांत माझ्या वाडींत असेंच झालें. कुलूप शाबूत लटकत होतें! दुसरी मोटर बसेपर्यंत अकरा दिवस गेले. नुकत्या निसवलेल्या केळी पाण्यावांचून उभ्या राहिल्या. त्या वर्षीं लोंगर भरलेच नाहींत.

त्यांत आपल्याकडे समुद्राचा खारा वारा. साधे लोखंडी स्क्रू गंजून लाकडांत सैल होतात. मग पिळावयासही नको, पहारीचा एक हिसका पुरतो.

उपाय महाग नाहींत. बिजागऱ्या तीन घ्याव्या, जस्ताचा मुलामा दिलेल्या. स्क्रूऐवजीं आरपार बोल्ट घालावे, त्यांचें गुळगुळीत गोल डोकें बाहेर व नट आंत. दांडीचीं दोन्ही टोकें ठोकून पसरावीं. याहून महत्त्वाचें म्हणजे दाराच्या बिजागरीकडील कडेंत, अर्धा इंच बाहेर राहतील अशा, दोन लोखंडी खुंट्या बसवाव्या व त्यांच्यासमोर चौकटींत भोकें पाडावीं. दार लागलें कीं खुंट्या भोकांत शिरतात. मग बिजागरी कापली तरी दार त्या बाजूनें सुटत नाहीं. जुन्या घरांचीं थोर दारें तर बिजागरीवर नसतच; फळीचाच खुंट वर व उंबऱ्यांत फिरे. बाहेरून काढण्यासारखें त्यांत कांहीं नसे. कोयंडा असा निवडावा कीं, कुलूप लावल्यावर त्याचे स्क्रू त्याच्याच पट्टीखालीं झांकले जातील. चौकट भिंतींत सिमेंटानें पक्की धरलेली नसेल, तर हें सारें व्यर्थ.

कोणी म्हणतील, निश्चयानें आलेला चोर भिंतही फोडील. फोडील खरा, पण त्याला वेळ लागेल, आवाज होईल, कुत्रीं भुंकतील. कांहीं जण दाराला वीज सोडतात, त्यांना काय म्हणावें! तो गुन्हा तर आहेच, शिवाय त्या दाराला पहिला हात बहुधा आपल्याच गड्याचा किंवा पोराचा लागावयाचा.

एकट्यानें बाजारांत गेलें कीं पातळ पत्र्याच्या बिजागऱ्या गळ्यांत पडतात. म्हणून आपल्या संघानें पावसाळ्यापूर्वीं बिजागऱ्या, बोल्ट व कोयंडे एकगठ्ठा आणून सभासदांस मूळ किमतींत द्यावे, आणि एक सुतार व एक लोहार यांना निर्मळपासून अर्नाळ्यापर्यंत गांवोगांव फिरवावें. माझ्या दाराचा खर्च मी आगाऊ भरावयास तयार आहें.