उंदीर मेमध्ये मारा, जानेवारीत नाही

हरभरा घाट्यावर आला की आपल्या खामगाव भागात ज्याच्या त्याच्या तोंडी उंदीर. मग कृषी केंद्रातून झिंक फॉस्फाईडची पुडी येते, जो तो आपापल्या वावरात टाकतो, चार उंदीर मेलेले दिसतात आणि काम झालं असं वाटतं. राजेहो, काम झालेलं नसतं.

हिशोब करून बघा. वावरात १०० उंदीर होते, ९० मारले. एवढं यश सहसा मिळत नाही, पण धरून चालू. उरले १०, त्यात ५ माद्या. गर्भ साधारण तीन-साडेतीन आठवड्यांचा, एका वेताला पाच-सहा पिल्लं, आणि व्याली की लगेच पुन्हा गाभण राहू शकते. महिन्याभरात ३५-४०, दुसऱ्या वेताला ६०-७०. सगळी पिल्लं जगत नाहीत हे खरं, पण शेजारच्या धुऱ्यावरून येणारे यात धरलेच नाहीत. रिकामी बिळं त्यांना आयतीच मिळतात. शिवाय विष थोडं खाऊन जो वाचला, तो ते आमिष पुन्हा तोंडी लावत नाही.

मे-जूनमध्ये वावर मोकळं, खायला कमी, वीणही मंदावलेली. उंदीर धुऱ्यांवर, नाल्याच्या काठाला गोळा झालेले. पाऊस पडून हिरवळ आली की वीण जोर धरते. काळ्या मातीच्या भेगांत राहणारे काही दमदार पावसात बुडतात. पाऊस रुसला तर तेही वाचतात. १८७६-७८ च्या दुष्काळापाठोपाठ दख्खनमध्ये उंदरांनी उभी पिकं फस्त केली होती.

म्हणून मोहीम मेमध्ये, आणि अख्ख्या शिवारात एकाच वेळी हवी. आज सगळी बिळं लिंपा. उद्या उकरलेली दिसतील तीच जिवंत. दोन-तीन दिवस तेल लावलेला साधा दाणा टाका, मगच विषाचा. झिंक फॉस्फाईडवर उतारा नाही, त्यामुळे ते कालवताना कृषी सहायक समोर हजर पाहिजे, नुसतं पत्रक वाटून भागणार नाही. आणि घुबडाला अशुभ म्हणून दगड मारणाऱ्यांनो, रात्रभर फुकट राखण करणारा तो एकच गडी आहे!

१ मेला ग्रामसभा असतेच. उंदीर मोहीम विषयपत्रिकेवर घ्यायला लावा, आणि कृषी सहायकाकडून तारीख तिथंच लिहून घ्या.