थंडीला महाग गहू

काळी जमीन, काकरापारच्या कालव्याचं पाणी आणि हाकेच्या अंतरावर साखर कारखाने. सुरत जिल्ह्यातल्या कामरेज तालुक्यातला शेतकरी ऊस सोडून गव्हाकडे वळेल कशाला? तरी घरच्या खाण्यापुरता, भात निघालेल्या वावरात किंवा खोडवा मोडलेल्या एखाद्या तुकड्यात गहू दिसतोच. मळणी झाली की गाऱ्हाणंही ठरलेलं: पाणी दिलं, युरिया दिला, बियाणं पिशवीचं आणलं, मग पंजाबसारखा उतारा का पडत नाही? पंजाबात साधारण वर्षी हेक्टरी 45 क्विंटलांच्या वर गहू होतो, गुजरातेत 30 च्या आसपास, आणि आपल्या महाराष्ट्राला 20 गाठतानाही धाप लागते. दोष बियाणंवाल्याच्या माथी मारणं सोपं. पण माझ्या मते तापीकाठी तुटवडा आहे तो थंड दिवसांचा, आणि ते कुठल्याच दुकानात मिळत नाहीत.

गहू कॅलेंडर पाहत नाही, ऊब मोजतो. ठरावीक ऊब जमा झाली की तो पुढच्या अवस्थेत जातो, मग आधीचं काम पुरं झालेलं असो वा नसो. लुधियानाच्या हिवाळ्यात ही ऊब सावकाश मिळते, म्हणून तिथलं पीक साडेचार-पाच महिने उभं राहतं. फुटवे भरपूर येतात, ओंबी लांब होते, दाण्याला भरायला सवड मिळते. सुरतेत ऐन जानेवारीतसुद्धा दुपारचा पारा 30 च्या घरात असतो आणि पहाटेचा 15 च्या आगेमागे. समुद्र जवळ, त्यामुळे रात्रीही फारशा गारठत नाहीत. उबदार रात्री पिकाचं श्वसन वाढतं आणि पानांनी दिवसभर कमावलेल्यातलं बरंचसं त्यातच खर्ची पडतं. लुधियानात पाच महिने रेंगाळणारं पीक इथे पावणेचार महिन्यांच्या आतबाहेर उरकतं.

उशिरा पेरलेल्या तुकड्यातली एक ओंबी तळहातावर चोळून बघा. कूस फुंकरीसरशी उडून जाते आणि मागे राहतात ते दाणे लांबट, पोटाकडची खाच खोल गेलेली, साल सुरकुतलेली. दाणा चिकात असतानाच ऊन तापलं, पानं वेळेआधी पिवळी पडली, दाण्यात पिष्ट साठायचं राहून गेलं. शेवटचं हलकं पाणी वेळेवर मिळालं तर पीक थोडं गार राहतं, एवढंच.

मग पेरावं लवकर, असं कुणीही म्हणेल. तेही इथे चालत नाही. नोव्हेंबरच्या सुरुवातीला सुरतेत दुपारी 33-34 अंशांचा चटका असतो. त्यात पेरलेला गहू फुटवे धरायच्या आधीच कांडीवर येतो आणि बुटकाच राहून पोटरीत शिरतो. डिसेंबरचा मध्य ओलांडला, की चीक भरायची वेळ थेट फेब्रुवारीअखेरच्या उन्हात सापडते. हाताशी उरतात नोव्हेंबरच्या उत्तरार्धातले मोजके दिवस.

शास्त्राच्या हिशेबानं आपला सगळा गहू वसंती गहूच. फुलोऱ्यावर यायला त्याला कडाक्याचा हिवाळा लागत नाही, म्हणून तर तो इथे पिकतो. कॅनडातल्या सस्कॅचवानमध्येही याच जातकुळीचा गहू मे महिन्यात पेरतात आणि ऑगस्ट-सप्टेंबरात काढतात. मोसम तिथेही आखूडच. पण जूनमध्ये सोळा तासांचा उजेड आणि रात्री गार. तिथला शेतकरी लवकर येणाऱ्या गारठ्याला भितो, इथला लवकर येणाऱ्या उन्हाला.

ही गोष्ट गुजरातेत कुणाला उमगलीच नव्हती, असंही नाही. भावनगर जिल्ह्यातल्या सणोसऱ्याच्या लोकभारती संस्थेनं लोक-1 हा वाण काढला, तो ऐंशीच्या दशकात शेतात आला आणि पार महाराष्ट्रात ‘लोकवन’ होऊन बसला. सुरतेतल्या उधना-लिंबायतची खानदेशी मंडळी वर्षाचा गहू भरताना आजही हेच नाव घेतात. दाणा टपोरा आणि पीक लवकर येणारं, म्हणजे उन्हाच्या हाती लागायच्या आत मोकळं होणारं. तांबेऱ्यापुढे तो टिकत नाही, हा दोष खराच. तरी आखूड थंडीच्या मुलखात लवकर येणं हा केवढा मोठा गुण आहे, हे लोक-1 नं दाखवलं.

2022 चा मार्च हा 1901 पासूनच्या नोंदींतला देशातला सर्वांत तापलेला मार्च. पंजाब-हरियाणाचा गहू त्यात होरपळला आणि 13 मे रोजी केंद्रानं निर्यात बंद केली. इकडे वेळेवर पेरलेला गहू मार्च तापेपर्यंत काढणीला आलेला होता. 2023 मध्ये फेब्रुवारीनं तोच विक्रम केला. पुढे मार्चमध्ये पावसानं उत्तरेत गारवा परतला. पण दक्षिण गुजरातेत दाणा भरतो तो फेब्रुवारीतच, मार्चचा गारवा त्याच्या काय कामाचा? देशाच्या उत्पादनाच्या आकड्यावर खूश होणाऱ्यांना हा फरक दिसत नाही.

कामरेजपुरतं बोलायचं, तर उसाच्या जमिनीत गव्हाची पेरणी कधी होणार हे गहूवाला ठरवतच नाही. ऊसतोडीची पाळी ठरवते. डांगमधून, नंदुरबारकडून आलेल्या कोयत्यांची टोळी ज्या दिवशी फडात शिरेल, त्यानंतरच ती जमीन मोकळी होणार. पाळी जानेवारीत लागली आणि कुणी हौसेनं तिथे गहू टाकला, तर एप्रिलमध्ये त्यानं वाणाला शिव्या देऊ नयेत. कारखान्यांना खरंच काही करायचं असेल, तर जो खोडवा मोडायचाच आहे त्याची तोड हंगामाच्या तोंडाशी घ्यावी. ते जमत नसेल, तर गहू भाताच्या वावरातच ठेवावा, तोही लवकर निघणारा भात लावून. आणि जानेवारीत रिकाम्या झालेल्या फडात नांगरट करून फेब्रुवारीअखेर उन्हाळी मूग पेरावा. त्याला हे ऊन मानवतं.