वाघांना नाव द्या, पण नावंही ठेवता आली पाहिजेत

ताडोब्यातल्या वाघांना नावं द्यावीत की नाही, हा वाद अधूनमधून उकरला जातो. काही जण म्हणतात, वाघ म्हणजे काय सिनेमातला हिरो आहे का? टी-12 सारखा क्रमांक पुरे. मी मोहर्लीचा माणूस, इथली अर्धी गावं सफारीवर जगतात. माझं मत विचाराल तर नावं द्याच. पण ज्याला नाव दिलं त्याला नावं ठेवायचीही तयारी ठेवा.

थोडं दूरचं उदाहरण देतो. जपानमध्ये 2003 च्या सुमारास कॉम्प्युटरवेड्या पोरांनी विंडोजच्या एकेका आवृत्तीला मुलीचं रूप दिलं. ॲनिमे, म्हणजे जपानी कार्टूनच्या धाटणीची चित्रं. त्यांना 'ओएस-तान' म्हणतात. यातलं 'तान' म्हणजे लाडानं, बोबडं हाक मारणं, आपण छकुली म्हणतो तसं. 2000 साली आलेली विंडोज एमई सारखी अडकायची, मधेच बंद पडायची. म्हणून तिची एमई-तान धांदरट. मदतीला मनापासून धावते आणि काम बिघडवून ठेवते! एक्सपीला मेमरी फार लागायची, म्हणून एक्सपी-तान खादाड. विंडोज 2000 भरवशाची, तर तिची मुलगी चष्मेवाली, शहाणी. आणि गंमत बघा, चाहत्यांनी सगळ्यात जास्त जीव लावला त्यांत ती धांदरट एमई आहे.

असं का झालं? कारण चित्रं काढणारे तेच होते ज्यांचं काम त्या मशीनवर रोज अडकत होतं. त्यांनी लाडही केला आणि खोडही लपवली नाही. पुढे 2009 मध्ये विंडोज 7 च्या वेळी जपानात मायक्रोसॉफ्टकडूनच नानामी मादोबे नावाची अशीच एक मुलगी पुढे आणली गेली. ती छानच होती, पण ती माल खपवायला आली होती. जाहिरातीतलं पात्र आपल्या मालाची खोड कशाला सांगेल?

आता आपल्याकडे या. माधुरी, सोनम, वाघडोह, मटकासूर, छोटी तारा. जंगलात रोज जाणाऱ्या गाईड आणि जिप्सीवाल्यांच्या तोंडी ही नावं रुळली. वाघडोहच्या तोंडावर जखमेची खूण होती, म्हणून त्याला स्कारफेसही म्हणायचे. तेलिया तलावाच्या चार बहिणींची कोण कशी, कोण लाजरी, कोण गाडीला न भिणारी, हे आमच्या पोट्ट्यांना तोंडपाठ होतं. हे आमचं ओएस-तान होतं, म्हणा ना.

पण ही नावं मोबाईलवर गेली आणि हळूहळू सगळे नानामी झाले. 'क्वीन', 'किंग', खाली पन्नास बदाम. मायाचंच घ्या. ऑगस्ट 2023 नंतर ती दिसेनाशी झाली, नोव्हेंबरमध्ये अवशेष सापडले, डीएनए तपासणीत ते तिचेच निघाले. लोक हळहळले. मीही हळहळलो. पण नोव्हेंबर 2021 मध्ये व्याघ्रगणनेच्या कामासाठी कोलारा भागात पायी फिरणारी एक महिला वनरक्षक मायाच्याच हल्ल्यात गेली. ही घटना किती श्रद्धांजल्यांमध्ये होती? मी वाचलेल्या बहुतेकांत नव्हती.

10 मे 2025 ला सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मेल्या. वाघाच्या फोटोला बदाम देणाऱ्यांपैकी किती जणांनी ती बातमी पुढे पाठवली?

नावं ठेवा म्हणजे वाघाला नरभक्षक म्हणून शिव्या घाला, असं नाही. ती वाघीण आहे, वाघिणीसारखीच वागणार. पण तिची गोष्ट सांगायची तर पूर्ण सांगा.

आपल्या जुन्या माणसांना हे जमलं होतं. ताडोबा हे नाव कोणाचं? तारू नावाच्या गावप्रमुखाचं. तो वाघाशी झुंजताना मेला, असं गोंड समाज सांगतो. त्याचं देवस्थान आजही तलावाच्या काठी झाडाखाली आहे. म्हणजे देशभरातून लोक ज्या वाघांना बघायला येतात, त्यांच्या जंगलाला नाव मात्र वाघाच्या हल्ल्यात गेलेल्या माणसाचं आहे. तरी त्याच समाजानं वाघालाही देव मानलं. लाड कुणाचा आणि दुःख कुणाचं, अशी वाटणी त्यांनी केली नाही.

म्हणून फोटो टाकणाऱ्या सगळ्या भाऊ-ताईंना विनंती. वाघाच्या नावासोबत तो ज्या गावांच्या शिवारात फिरतो त्या गावांची नावं लिहा. ज्या गाईडनं तो दाखवला त्याला विचारून त्याचंही नाव लिहा. वाघानं माणूस मारला असेल तर तेही त्याच पोस्टमध्ये लिहा. बदाम दोन-चार कमी पडतील, पडू द्या. पण पुढच्या तेंदूच्या हंगामात बफरमधल्या बायांच्या सुरक्षेसाठी आम्ही गावकरी बोलू, तेव्हा तुम्हाला आधीच ठाऊक असेल की आम्ही कोणाबद्दल बोलतोय.