पाचवे शील आणि आपली मुले

आपल्या वसतिगृहात दररोज सायंकाळी पंचशील ग्रहण केले जाते. पाचवे शील मद्यापासून अलिप्त राहण्याचे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांपैकी सतरावी प्रतिज्ञाही हीच. त्यामुळे ‘आमची मुले पिणार नाहीत’ असे आपण गृहीत धरतो आणि डोळ्यांसमोरचे पाहण्याचे टाळतो.

काही वर्षांपूर्वी दहावीतील एक विद्यार्थी दर सुट्टीनंतर दोन दिवस उशिरा परत येई. पोट बिघडल्याचे सांगे. मित्र बदलले, चिडचिड वाढली, पाठ असलेल्या सनावळ्या तो विसरू लागला. मी त्यास आळशी ठरवून रागावलो. पुढे तो व्यसनमुक्तीच्या उपचारांसाठी दाखल झाल्याचे कळले, तेव्हा माझी चूक मला उमगली.

सिगालोवाद सुत्तात तथागतांनी मद्यपानाचे सहा दुष्परिणाम सांगितले आहेत : धनहानी, कलह, रोग, अपकीर्ती, निर्लज्जता आणि बुद्धीचे दौर्बल्य. आपण ते केवळ प्रवचनात ऐकतो. वस्तुतः पालक व शिक्षकांसाठी ती लक्षणांची यादीच आहे. यकृताचा आजार अनेक वर्षांनी दिसतो. पैशांची चणचण, घरातील खटके आणि अभ्यासातील घसरण त्याआधीच दिसू लागते. एखादे लक्षण म्हणजे पुरावा नव्हे. परंतु अनेक बदल एकत्र दिसल्यास थांबून विचारावे. ‘कितीही घेतली तरी मला चढत नाही’ ही फुशारकी ताकदीची नव्हे, शरीर मद्याला सरावल्याची खूण असते.

महाराष्ट्रात मद्यासाठी २५ आणि सौम्य बिअरसाठी २१ वर्षे ही वयोमर्यादा आहे. तरीही पहिला घोट पुष्कळदा लग्नाच्या वरातीत, कधी जयंतीच्या मिरवणुकीतही, थोरांच्याच हातून मिळतो. हे कटू असले तरी आपण मान्य केले पाहिजे.

पिणाऱ्या मुलास ‘समाजाला कलंक’ म्हटले, की तो लपवू लागतो आणि कुटुंबही त्याला झाकू लागते. त्याऐवजी तो शुद्धीवर असताना एकांतात बसवावे, दिसलेले बदल सांगावेत आणि त्याचे ऐकून घ्यावे. १४४४६ या राष्ट्रीय मदतवाहिनीवर विनामूल्य सल्ला मिळतो. रोज पिणाऱ्याने वैद्यकीय देखरेखीविना एकाएकी मद्य सोडणे जिवावर बेतू शकते, हेही ध्यानी ठेवावे.

शील हे शिक्षापद आहे; ते शिकावयाचे असते. म्हणूनच आपण ते रोज नव्याने ग्रहण करतो. अडखळलेल्या मुलालाही ते पुन्हा ग्रहण करण्याचा अधिकार आहे. त्या वेळी त्याच्या शेजारी बसणे हे आपले कर्तव्य होय.