पेशंटचे नातेवाईक कोण?

तृतीयपंथी माणसांच्या हक्कांसाठी आपल्या देशात बरंच काही घडलं. 15 एप्रिल 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘नालसा’ (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्यात स्वतःची लिंगओळख स्वतः ठरवण्याचा अधिकार मान्य केला. 2019 साली संसदेने संरक्षणाचा कायदा केला. तरीही आजारपणात, भाड्याची खोली शोधताना, मरणाच्या दारी यांच्या बाजूने कोण उभं राहणार, हा प्रश्न सुटलेला नाही. माझं म्हणणं एवढंच आहे: जो सांभाळतो त्याला नातेवाईक माना आणि जो शेजारी राहतो त्याने शेजारधर्म पाळावा.

1. घर तुटायला शेजारीही कारण असतात. पोटच्या पोराला घराबाहेर काढणारे आईबाप सगळेच निर्दयी नसतात. “लोक काय म्हणतील?”, “धाकटीचं लग्न कसं जमेल?” या धास्तीने अनेक घरं मोडतात. हे ‘लोक’ म्हणजे गल्लीतले, भावकीतले, वाड्यातले आपणच. ज्या आईला शेजारीण येऊन सांगते, “अगं, लेकरू तुझंच आहे, राहू दे घरात,” तिला मुलाच्या पाठीशी उभं राहायला बळ येतं. म्हणून या प्रश्नाची सुरुवात उंबऱ्याबाहेरून व्हायला हवी.

2. कायद्याने दोनच दारं ठेवली. 2019च्या कायद्यातल्या कलम 12नुसार तृतीयपंथी व्यक्तीला घरातून काढता येत नाही, ही मोठी गोष्ट आहे. पण घरच्यांना सांभाळणं जमत नसेल, तर न्यायालयाने त्या व्यक्तीला पुनर्वसन केंद्रात पाठवावं, असंही तेच कलम सांगतं. कुटुंबाची व्याख्या रक्त, लग्न आणि कायदेशीर दत्तक यांच्यापुढे गेली नाही. जिथे ही माणसं पिढ्यान्‌पिढ्या आसरा घेत आली, ते गुरूचं घर त्यात कुठेच बसत नाही.

3. गुरूचं घर हेही घरच आहे. तिथे गुरू असतो, गुरूचा गुरू असतो, गुरुबहिणी असतात. नव्याने आलेल्याला जेवण आणि अंथरूण मिळतं, आजारात उशाशी बसणारं कुणीतरी असतं. या घरात पिळवणूक होत नाही असं मी म्हणणार नाही. कमाईतला वाटा, दंड, गुरू बदलण्यावरची बंधनं यांतून अन्याय होतो. पण ज्या घराची कायद्यात नोंदच नाही, त्याला जाब कसा विचारणार? मान्यता दिली, तर जबाबदारीही टाकता येईल.

4. दवाखान्यात हा प्रश्न सर्वांत जास्त बोचतो. काउंटरवरून फॉर्म पुढे येतो. “पेशंटचे नातेवाईक कोण?” सोबत आलेली गुरुबहीण म्हणते, “मी.” लगेच विचारणा होते, “तसं नाही, सख्खं कोण आहे?” सख्खे वर्षानुवर्षं बोललेले नसतात, पण सहीचा मान त्यांचाच. खरं तर वाट दिसू लागली आहे. 2017च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने प्रौढ व्यक्तीला आपला प्रतिनिधी स्वतः नेमण्याची मुभा दिली. मे 2025मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने लग्नाशिवायही कुटुंब उभं राहू शकतं, असं स्पष्ट म्हटलं. हीच समज प्रत्येक दवाखान्याच्या फॉर्ममध्ये उतरली पाहिजे.

5. खोली नाकारणं हा गुन्ह्याइतकाच मोठा घाव आहे. “माझी काही हरकत नाही हो, पण सोसायटीतले लोक ऐकणार नाहीत.” हे वाक्य ऐकलं नाही असा तृतीयपंथी भाडेकरू विरळाच. घर भाड्याने देताना भेदभाव करायला 2019च्या कायद्याने मनाई केली. पण मालक सोसायटीकडे बोट दाखवतो, सोसायटी मालकाकडे, आणि नकार कुणाच्याच नावावर लागत नाही. सणावाराला आशीर्वादासाठी ज्यांना मावशी म्हणून दारात बोलावतो, त्यांना शेजारची खोली नाकारताना आपल्याला लाज वाटली पाहिजे.

6. शेजारी मनावर घेतात तेव्हा काय होतं, हे महाराष्ट्राने पाहिलं आहे. 2017 साली माळशिरस तालुक्यातल्या तरंगफळ गावाने तृतीयपंथी असलेल्या ज्ञानेश्वर कांबळे यांना सरपंच केलं. जळगाव जिल्ह्यातल्या भादलीत तृतीयपंथी अंजली पाटील यांचा महिला राखीव जागेवरचा ग्रामपंचायतीचा अर्ज अधिकाऱ्याने बाद केला होता. जानेवारी 2021मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तो स्वीकारायला लावला आणि गावाने त्यांना निवडून दिलं. न्यायालयातल्या कागदावर त्यांच्या नावापुढे गुरूचं नाव होतं, संजना जान. न्यायालयाने दार उघडलं, पण मतं टाकली ती शेजाऱ्यांनी.

7. म्हणून मागण्या साध्या आहेत. दवाखान्यांनी पेशंट सांगेल त्याला जवळचं माणूस मानावं. कुटुंबाच्या कायदेशीर व्याख्येत स्वतः निवडलेल्या माणसांना जागा द्यावी. मृत्युपत्र नसलं की मिळकत बहुतेक वेळा रक्ताच्या वारसांकडे जाते. तेव्हा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणांनी वस्त्यांमध्ये जाऊन मृत्युपत्रं करून द्यावीत. गृहनिर्माण संस्थांनी सर्वसाधारण सभेत ठराव करावा की भाडेकरूची लिंगओळख पाहिली जाणार नाही. यातल्या शेवटच्या कामाला सरकारची वाट पाहावी लागत नाही. येत्या सभेच्या विषयपत्रिकेत हा ठराव आपण घालू शकतो.