टाकीतला आवाज आधी सांगा

अकोल्याच्या जुन्या शहरातला माणूस आवाजाला भीत नाही. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी घेऊन कावडी राजराजेश्वराच्या मंदिराकडे येतात, तेव्हा ढोलांनी घराच्या भिंती थरथरतात. आमच्या गल्लीतले एक काका त्याच ढोलांत लहानाचे मोठे झाले. मधुमेहामुळे पायाची जखम भरेना, म्हणून त्यांना बाहेरगावी ऑक्सिजनच्या टाकीत बसवायला नेलं. तीन दिवसांत ते उपचार सोडून परतले. “मले वाटलं, आता फुटते टाकी,” एवढंच बोलले.

टाकी फुटत नव्हती. आत नेहमीच्या दुप्पट ते अडीचपट दाब करावा लागतो आणि त्यासाठी नळीतून जोरात शिरणारी हवा फुसकारते. दाब सोडतानाही तेच. अनेकांना एकत्र बसवतात त्या मोठ्या टाकीत मास्कमधून ऑक्सिजन झिरपतो. त्याचं प्रमाण साडेतेवीस टक्क्यांवर गेलं तर आगीचा धोका वाढतो, म्हणून मधूनमधून ताजी हवा खेळवतात. म्हणजे यातला बराच आवाज रुग्णाच्या रक्षणासाठीच असतो! पण हे काकांना कोणी सांगितलंच नाही.

त्यात कानाला दडे बसतात. आवंढा गिळून किंवा नाक चिमटीत धरून हळूच हवा ढकलून ते सोडवायचे असतात. मुंबईच्या अश्विनी या नौदल रुग्णालयात पाणबुड्यांवर असे उपचार होतात. पाणबुड्याला कानाचे दडे सोडवणं प्रशिक्षणातच शिकवलेलं असतं. आमचा शेतकरी मात्र पहिल्याच दिवशी थेट आत जातो. ठिणगीच्या भीतीने श्रवणयंत्रही बाहेर काढून ठेवायला लावतात. आधीच कमी ऐकू येणाऱ्या म्हाताऱ्याला त्या फुसकाऱ्यात बाहेरून दिलेली सूचना कशी कळणार? खुणा आधी ठरवायला पैसे लागत नाहीत.

२०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रुग्णालयाभोवती १०० मीटर शांतता क्षेत्र ठरवून दिलं : दिवसा ५० डेसिबल, रात्री ४०. तो नियम रस्त्यावरच्या भोंग्यासाठी आहे, यंत्राच्या पोटातल्या आवाजासाठी नाही. माझं मत स्पष्ट आहे. टाकी चालवणाऱ्या प्रत्येक केंद्राने आतला आवाज मोजावा, हवेच्या नळीला सायलेन्सर बसवावा, दाब सावकाश चढवावा आणि पहिल्या दिवशी रुग्णाला तो आवाज बाहेर उभं करून ऐकवावा.

घरातल्या कोणाला हा उपचार सांगितला असेल, तर दार बंद होण्याआधी डॉक्टरांना एवढं विचाराच : आत काय ऐकू येईल, आणि कान दुखला तर हात कसा करायचा?